किती हवेत?

(ऑफिसचा जिना. थोरली बहीण फोनवर; पलीकडे धाकटी, तिच्या ऑफिसात.)

धाकटी : म्हणजे तू काहीच बोलली नाहीस?

थोरली : बोलले की. "थँक यू सर" म्हणाले.

धाकटी : ताई! आठवडाभर तुझ्याकडून इंग्रजी घोकून घेतलं ते यासाठी? पगारवाढीचं सगळं पाठ होतं तुझं.

थोरली : आरशासमोर घडाघडा यायचं गं. पण साहेबांनी पहिल्याच वाक्याला थांबवलं. म्हणाले, "अहो, आपल्या भाषेत बोला. किती वाढवून हवेत?"

धाकटी : मग तर सोपंच झालं!

थोरली : तिथेच तर घोडं अडलं. इंग्रजीतलं उत्तर तयार होतं. आपल्या भाषेतलं तयारच केलं नव्हतं.

धाकटी : त्याला कसली तयारी? घरी तर कुणाला बोलू देत नाहीस.

थोरली : घरी! ऑफिसात बोलतेच कुठे मी? परदेशी लोकांशी मीटिंग असली की प्रोग्राम मी लिहिलेला, चूक मी शोधलेली, आणि बोलणारा शेजारच्या टेबलावरचा. मी चॅटवर उत्तर टाइप करून द्यायचं, त्याने वाचून दाखवायचं. आता तो टीम लीड आहे.

धाकटी : आणि तू अजून टाइप करून देतेस.

थोरली : देते. आधी इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसायचे. मग गप्प बसायची सवयच लागली. भाषा कुठली का असेना.

धाकटी : माझ्यासारखंच काम करतेस, माझ्याआधीपासून करतेस, आणि पगार माझ्या निम्मा. बाबांनी तुलाही माझ्यासारखं इंग्रजी शाळेत घालायला हवं होतं.

थोरली : तेव्हा परवडत नव्हतं. त्यांना कशाला बोल लावतेस? आणि माझी शाळा वाईट नव्हती हं. गणित मला तिथल्या बाईंनी शिकवलं, तुला मी.

धाकटी : धपाटे घालून. बरं, साहेबांना शेवटी काय सांगितलंस?

थोरली : "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

धाकटी : कर्म माझं! देतीलच ते मग!

थोरली : संध्याकाळी सगळ्यांचे आकडे वर पाठवणार आहेत. अजून केबिनमध्येच आहेत.

धाकटी : मग परत जा. थांब, आधी मला सांग. मी साहेब. हं, बोला बाई, किती हवेत?

थोरली : हसू नकोस.

धाकटी : साहेब हसत नाहीत. किती हवेत?

थोरली : तुला राग नाही ना येणार?

धाकटी : मला कशाला येईल? बोल.

थोरली : तुझ्याइतके.