जड झालेली सायकल

...तीन चाकांची सायकल! मला! आणि वर माझी लेक हिस्के काय म्हणते, "आई, मागे केवढी मोठी टोपली आहे बघ तरी." अगं, टोपलीत काय तुला बसवू? तुम्हाला सांगते, माणसाच्या नशिबात तीन चाकं दोनदाच असतात, एकदा दुधाचे दात असताना आणि एकदा दातच नसताना, आणि माझे सगळे दात अजून जागेवर आहेत, हवं तर मोजून घ्या. पण नाही. पोरांचं आपलं ठरलेलं. "आई, आता वय झालं."

कशावरून झालं? तर सायकल जड जाते म्हणून. आता सायकल जड जाते हे बोलले मीच, तिथेच माझं चुकलं, पोरांसमोर माणसानं गुडघ्याचं आणि सायकलचं नाव काढू नये. आमचा डाउवे, म्हणजे माझा नवरा, गेल्या वसंतात गेला. उन्हाळा कसा गेला ते विचारू नका. पानगळ सुरू झाली तसं म्हटलं, आउक्ये, घरात बसून भिंती पाठ झाल्या, आता गायला जा. दर मंगळवारी शेजारच्या गावात, चर्चच्या हॉलमध्ये आमचा गायनाचा सराव असतो. समुद्राच्या बांधाच्या कडेनं सरळसोट रस्ता, ना चढ ना उतार, आमच्या फ्रीसलँडात चढ म्हणून असतो तो फक्त पुलाला. जन्मभर त्या रस्त्यानं गेले मी! अख्ख्या गावात माझ्या पायांचं नाव होतं, आउक्येच्या मागे सायकल काढू नका, जीव जाईल म्हणायचे. आणि त्या मंगळवारी मी अशी दमले, अशी दमले, की बांधावरची मेंढरं चरत चरत माझ्यापुढे निघून गेली.

मी म्हटलं, वारा असेल.

आता तुम्ही इथले नसाल तर तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडे सायकलवर काहीही झालं की वारा. उशीर झाला, वारा. दम लागला, वारा. जाताना समोरून वारा, येतानाही समोरूनच वारा, आणि याचं इथे कोणाला नवल वाटत नाही. टायरकडे बघतो कोण? आभाळाकडे बघतात. मीसुद्धा बघितलं. आभाळ स्वच्छ, गवताचं पातं हलत नव्हतं, तरी आपली मी डोकं खाली घालून वाऱ्याला शिव्या देत पायडल मारतेय... असे तीन महिने काढले हो मी!

मग वारा नाही म्हटल्यावर उरलं काय? वय. रविवारी हिस्के आली, माझा मुलगा सीत्से आला, कॉफी झाली, एकेक बिस्कीट झालं, बिस्किटाच्या डब्याला झाकण लागलं, आणि सीत्सेनं घसा साफ केला. मी तेव्हाच ओळखलं. डब्याला झाकण लागल्यावर आमच्या घरात घसा साफ होतो तो फक्त कोणीतरी मेल्यावर, नाहीतर कोणाचं तरी काहीतरी काढून घ्यायचं असल्यावर. "आई, आम्ही बोललो आपसात." बोललात? माझ्या पायांबद्दल? आणि पायांना विचारलं? "आई, आता वय झालं, उद्या बांधावर पडलीस तर कोणाला कळणार आहे?" म्हटलं, मेंढरांना कळेल. कोणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला, मी खुर्चीत बसून हवेत लाथा मारल्या, आणि बाई काय म्हणाल्या? "वयाच्या मानानं उत्तम." झालं! हिस्केनं त्यातलं उत्तम ऐकलंच नाही, तिनं ऐकलं वय.

आणि मग आली ती हत्तीण. तीन चाकांची. चालवून बघायला म्हणून आठवड्यापुरती आणलेली. मी बसले, म्हटलं बघू तरी. आता सायकल म्हणजे कशी, वळणावर आपण जरा कलायचं, ती आपोआप वळते, हे पायांना नाही, कंबरेला माहीत असतं. मी कलले. ती हत्तीण कलते कुठली? मी डावीकडे झुकलेली, ती नाकासमोर चाललेली, आणि नाकासमोर काय, तर पाण्याचा चर. टोपलीसकट आत! बदकं ओरडत उडाली. आणि काठावरून सीत्से काय म्हणतो? "बुडालीस का" नाही, "लागलं का" नाही. म्हणतो, "बघ, म्हणूनच सांगतो, वय झालं."

हरले मी तिथे. खरंच सांगते, त्या दिवशी अंगातून चिखल निघाला पण मनातून निघेना. सायकल गेली म्हणजे गाणं गेलं, गाणं गेलं म्हणजे मंगळवार गेला, आणि मंगळवार गेला की मग उरले सगळे वार त्या घरात, समोरच्या रिकाम्या खुर्चीबरोबर. हिस्के कधीमधी गाडीनं सोडेल म्हणे. कधीमधी! मी काय कपाट आहे, गाडीतून हलवायला?

तर माझी सायकल चित्स्केच्या सुनेला द्यायची ठरली. चित्स्के म्हणजे आमच्या गायनातली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आवाज फाटका पण उभी राहणार पहिल्या रांगेत. ती आली सायकल बघायला. बघायला कसली, मिरवायला. शेडमध्ये शिरली, घंटी वाजवून बघितली, सीट हलवून बघितली, खाली वाकली, अंगठ्यानं टायर दाबला... आणि अंगठा गेला की आत! पिठाच्या गोळ्यात जावा तसा.

"अगं आउक्ये," ती म्हणाली, "यात हवा कुठाय?"

म्हटलं, असेल की. पंक्चर नाही झालेली.

"पंक्चर कशाला व्हायला हवी? हवा आपली आपण जाते. महिन्यात जाते. तू शेवटची भरलीस कधी?"

आता काय सांगू? मी? मी जन्मात कधी हवा भरलेली नाही! टायरमध्ये हवा असते हे मला माहीत आहे हो, मी काही खुळी नाही. पण पंक्चर नाही, खिळा नाही, कोणी हात लावला नाही, तरी ती आपोआप जाते, हे मला कोणी सांगितलं होतं? चित्स्के शेडच्या दाराला धरून हसली. "मग इतकी वर्षं कोण भरत होतं तुझी हवा, पाद्री?"

आणि मग मला शनिवार आठवले. दर शनिवारी सकाळी मी खिडक्या पुसायला काढल्या की डाउवे शेडमध्ये जायचा. अर्धा अर्धा तास! मी म्हणायचे, पाइप ओढायला गेला असेल, कामचुकार. हा माणूस तिथे हवा भरत होता! लग्नापासून! आणि एका शब्दानं बोलला नाही! मान्य, आमच्याकडचे पुरुष बोलत नाहीत, हवामान आणि दूध सोडून तिसरा विषय निघाला की बावचळतात, पण "आउक्ये, तुझ्या टायरात हवा भरली" एवढं बोलायला काय जीभ झिजते? एवढं बोलला असता तर मी चरात पडले असते का?

त्याचा पंप सापडला, पण मूठ दाबली तर आतला वायसर सुकून खडंग, हवा टायरात जायच्या ऐवजी माझ्या बाहीत. गेले दुकानात. तिथला पोरगेला माणूस म्हणतो, "आजी, बॅटरीवरचा देऊ? बटण दाबायचं, बास." का? माझ्या हातांचंही वय झालं का? मग त्यानं काढला पेनाएवढा. म्हटलं, हा कशाला? "वाटेत हवा गेली तर." अरे, यानं भरत बसले तर वाटेतच पुढचा मंगळवार उजाडेल. मग पायानं दाबायचा आला, तो दाबला की सरकतो, मी त्याच्यामागे दुकानभर लंगडी घातली. शेवटी तो उभा पंप, कोपऱ्यातला. खाली दोन्ही पाय ठेवायला रुंद पट्टी, वर दोन्ही हातांची मूठ, म्हणजे हातांनी नाही, अख्ख्या अंगाच्या भारानं दाबायचं. नळी लांब. हवा मोजायचा काटा असा मोठा, की चष्मा नसला तरी दिसतो. आणि तोंड आमच्या जाड व्हॉल्व्हला बसणारं, कारण म्हणे त्या शर्यतवाल्यांचा व्हॉल्व्ह वेगळा असतो आणि मोटारीचा आणखी वेगळा. किती भरायची ते टायरच्या अंगावरच छापलेलं असतं, हे त्यानं दाखवलं. मी इतकी वर्षं त्या आकड्यावर बसून हिंडत होते!

भरली. बसले. आणि अहो... सायकल निघाली की! पायांना काही विचारलंच नाही तिनं! मंगळवारी मी हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले, चित्स्केची खुर्ची मीच अडवली. तीन चाकी परत पाठवली. हिस्केचा फोन, "आई, जपून हं, तरी वय..." मी ठेवून दिला.

झालं ना मग सगळं छान? तेच तर सांगतेय, नाही झालं. शनिवारी पुन्हा शेडमध्ये गेले. माझी दोन्ही चाकं भरली आणि दम लागला, अस्सा लागला, की खोक्यावर बसले. म्हटलं, श्वास आला की डाउवेच्याही सायकलीत भरू, उभीच आहे बिचारी. वाकून बघते तर त्याच्या टायरांच्या कडांना ही भेगांची जाळी, दोन्ही चाकांना. माझे टायर धडधाकट, त्याचे पार फुटलेले, आणि टायर घेतले होते एकाच दिवशी. ढकलत दुकानात नेली. तो माणूस म्हणतो, "ही वर्षानुवर्षं कमी हवेवर चाललीय. मालकानं कधी लक्ष दिलेलं दिसत नाही."

मालकानं लक्ष दिलं नाही म्हणे! ऐंशीच्या पुढचा माणूस, आधी माझी दोन चाकं भरणार, त्यात त्याचा दम संपणार, आणि स्वतःच्या चाकांना राहणार काय? शेवटची कितीतरी वर्षं तो बांधावर माझ्या मागे पडायचा. लांबवर. मी थांबायची आणि ओरडायची, "काय रे डाउवे, वय झालं का?" आणि तो धापा टाकत यायचा, टोपी सरळ करायचा आणि म्हणायचा, "वारा आहे."

वारा! गवताचं पातं हलत नव्हतं हो! मला इतका राग आलाय, इतका राग आलाय म्हणून सांगू... शनिवारपासून नुसती धुमसतेय, सगळे शब्द तयार आहेत तोंडात, आणि भांडायला घरात माणूस नाही.