चार ग्रॅम

(शर्यतीनंतरची तपासणीची शेड. जिंकलेल्या गाडीचं इंजिन टेबलावर उघडलेलं.)

मिस्त्री : पुन्हा एकदा ठेवा, उस्ताद. काटा चुकत असेल.

तपासनीस : चौथ्यांदा ठेवतोय. पाचशे शहाण्णव. पिस्टनचा रॉड सहाशे ग्रॅमच्या खाली चालत नाही, हे तुला मी सांगायचं?

मिस्त्री : चार ग्रॅम हो! तुमच्या मिशीचं वजन जास्त भरेल.

तपासनीस : मिशी इंजिनात फिरत नाही. आतला माल जेवढा हलका, तेवढी गाडी झटकन सुटते. आज कितीने जिंकलात?

मिस्त्री : अर्ध्या टायरने.

तपासनीस : मग झालं तर.

मिस्त्री : मी लबाडी केली असं वाटतं तुम्हाला?

तपासनीस : नाही रे बाबा. लबाडी करणारा चार ग्रॅमसाठी एवढा खटाटोप करत नाही. आणि आठही रॉड हुबेहूब एका वजनाचे! केलंस तरी काय?

मिस्त्री : तुम्ही शिकवलंत तेच. सगळ्यांत हलका रॉड ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग बाकीचे सात घासत घासत शून्यावर आणायचे.

तपासनीस : आणि त्या हलक्याचं स्वतःचं वजन?

मिस्त्री : त्याचं वजन होय...

तपासनीस : बोल की.

मिस्त्री : मागच्या हंगामात सहाशे दोन होतं. तेच डोक्यात बसलेलं. मध्ये त्याच्यावर ओरखडा दिसला, तो घासून काढला. पुन्हा मोजलाच नाही. सात वेळा शून्य दिसलं आणि मी खूश! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

तपासनीस : अरे, अरे, अरे.

मिस्त्री : ताईची शेवटची शर्यत होती, उस्ताद. मान साथ देत नाही आता. अकरा वर्षांत पहिल्यांदा पहिली आली हो ती.

तपासनीस : माहितीये. दर वर्षी तिसरी, चौथी, पाचवी मीच लिहीत आलोय. हे बघ, रॉड तेलासकट ठेवले तर काटा सहाशेच्या पुढे जातो. कागद अजून कोरा आहे.

ताई : (हेल्मेट हातात घेऊन आत येत) काय रे, फोटोवाला कधीचा ताटकळलाय बाहेर! आणि तुमची दोघांची तोंडं अशी का?

मिस्त्री : रॉड हलके निघाले, ताई. चार ग्रॅमने. चूक माझी आहे.

तपासनीस : तेलासकट मोजले तर बसतात.

ताई : तेलासकट मोजतात?

तपासनीस : नाही. पुसून.

ताई : मग पुसलेलंच लिहा.

तपासनीस : असलं लिहिता लिहिता म्हातारा झालो गं. आज हात उचलवत नाही.

ताई : द्या इकडे. आकडा मी लिहिते, तुम्ही सही करा.

मिस्त्री : ताई, शिव्या तरी घाल मला.

ताई : उद्या घालीन. आज अंगात त्राण नाही. तो ओरखडा ठेवला असतास तर रॉड तुटून माझ्या पायात आला असता, एवढं कळतं मला. पण वाईट वाटतंय रे. खूप वाटतंय.

मिस्त्री : आता काय करू मी?

ताई : ती दुसरी आलेली पोरगी गाडी ट्रेलरवर चढवतेय. पळ, थांबव तिला, फोटो तिचा काढायचाय.