दाढेचा पू मानेत उतरला

माझं माहेर चांदवडकडचं, लग्न करून पिंपळगावला आले आणि तेव्हापासून द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाते, घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे, पेटी भरायची, वीस वर्सं झाली तेच. आमचे हे टेम्पो चालवायचे. माणूस लय बोलका, काय सांगू तुम्हाला, गाडीत बसलं की तोंड बंद नाय.

आणि झालं काय, तर दाढ दुखली, नुसती दाढ. मी म्हणलं दाखवून या, ते म्हणले सीझन हाय, गाडी कशी उभी करू. मेडिकलमधून गोळी आणली, लवंग धरली, आठ दिवस गेले. मग गाल सुजला, मग हनुवटीखाली दगडावानी टणक झालं. गावातल्या डॉक्टरनं गालफुगी म्हणून गोळ्या दिल्या. पुढं तोंडच उघडंना, थुंकी गिळता येईना, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. सकाळी चहा पाजला तर नाकातून आला, तेव्हा मी दिराला म्हणलं, चला नाशिकला.

तिथली डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची, तिनं मानंला बोट लावलं आणि तिचा चेहराच बदलला. लगेच मशीनमध्ये फोटो काढला. म्हणली मावशी, दाढेतला पू मानेत खोल उतरलाय, छातीकडं निघालाय, श्वासाची वाट दाबली जातेय, मान चिरून पू काढावा लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल. मी म्हणलं दाढंचं एवढं? ती म्हणली यांची साखर खूप वाढलीय, तुम्हाला माहीत नव्हतं का? नव्हतं वो, कुणी तपासलीच नाय. कागद पुढं आला, मी सही केली.

आत नेताना त्यांनी माझा हात धरला, काहीतरी सांगत व्हते, आवाज फुटंना, मी नुसतं हो हो म्हणत राहिले. नंतर विचारलं तर हातानंच खुणावलं, आठवत नाय.

वाटीभर पू निघाला. चार दिवसांनी परत चिरलं, खाली आणखी साचला व्हता. शेजारच्या खाटंजवळच्या बाईनं भाकर दिली, मी ती हातात धरून बसले, खाल्ली का नाय सांगता येत नाय.

आता घरी हायेत. गळ्यात नळी हाय अजून, बोलायचं तर भोकावर बोट ठेवावं लागतं, म्हणून बोलतच नाय. टेम्पो दीर चालवतो. नळी कधी निघंल विचारलं तर डॉक्टर बघू म्हणतात. त्या डॉक्टरीण पोरीचं देव भलं करो, तिच्यामुळं श्वास चालू हाय. मी रोज नळी साफ करते आणि शेजारी बसते, दुसरं काय करणार.