सोजरबाईंचं एक वाक्य

— हो, मीच केली त्या लेखाची तशी दशा, त्यात लपवायचं काय? पेढे तिकडे ठेव, कीबोर्डजवळ नको, मुंग्या लागतात. आणि उभी का? बस ना, ही कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आहे, दुपारी इथे चिटपाखरू नसतं. तर तू गायत्री. नेपानगरची. आमच्या मोहितशी ठरलंय ती — आमच्या म्हणजे वर्गातला म्हणून आमच्या, असं दचकू नकोस. तुझा फोटो त्याने स्टेटसला ठेवला होता, सगळ्या कॉलेजने पाहिला. फोटोत जरा उजळ दिसत होतीस. राग मानू नकोस हं, मी देडतलाईची, आमच्याकडे बोलणं सरळ. आणि तुला कोणी पाठवलं तेही मला माहीत आहे. विमलकाकूंनी, तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी. ‘जा बेटा, त्या पूर्णिमाला गोड बोलून लेख साफ करून घे.’ — नाही? मान काय हलवतेस, स्वतःहून आलीस? बरं, मग ऐक आधी, तुझं विचारणं नंतर.

आमचा प्रादेशिक इतिहासाचा पेपर आहे, त्यात निर्मला मॅडमनी लेखी परीक्षाच काढून टाकली. म्हणाल्या, पोरांनो, आपल्या बऱ्हाणपूरबद्दल इंटरनेटच्या ज्ञानकोशात मराठीत धड काही नाही, तुम्हीच लिहा. एकेकाने एकेक लेख. कोणी दरवाजा घेतला, कोणी जुना पूल, आणि मोहितने घेतले आपले पणजोबा. राजपुऱ्यातले कापडवाले गजाननशेठ! आता मोहितला चार ओळी सरळ लिहिता येतात का? लग्न करणार आहेस, तुला कळेलच. तर लेख लिहिला मी. याच खुर्चीवर बसून. त्याच्या आजीकडे जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊन, ती जे जे सांगेल ते ते लिहून घेतलं — दुष्काळात विहीर सगळ्यांना खुली केली, सत्याग्रही पोरांना कापडाच्या गठ्ठ्यांमागे लपवलं, शाळेला जागा दिली. का लिहिलं विचारतेस? असंच लिहिलं. वर्गातल्या मुलासाठी कोणी लिहीत नाही का? — बघू नकोस अशी. हो, होतं. दोन वर्षं होतं. बस?

मग आले ना मोहितकडचे सगळे आमच्या घरी, मला बघायला. देडतलाईला. माझ्या बाबांनी अंगण सारवून घेतलं होतं, केळीचा अख्खा घड दारात टांगला होता, आईने शेवभाजी केली होती. विमलकाकूंनी दोनदा वाढून घेतली, बरं का! आणि परत गेल्यावर मध्यस्थाकडून निरोप काय, तर — ‘मुलगी चांगली आहे, पण आमच्या घराण्याला इतिहास आहे. तुमच्याकडे काय, केळी.’ बाबा उठले, दारातला घड उतरवला आणि गाईपुढे टाकला. इतिहास! अगं, तो इतिहास मी लिहिला होता ना! त्या लेखाआधी राजपुऱ्यात तरी कोणाला माहीत होते गजाननशेठ? माझ्याच हातचं खाऊन मलाच ढेकर दाखवायचा? आणि मोहित — मोहित म्हणाला, ‘देख यार, घरवाले नहीं मान रहे, मी काय करू?’ काय करू! विहिरीत उडी मार, पणजोबांनी खुली केलीच आहे.

पण देव असतो गं. दुसऱ्या सत्रात मॅडमनी तपासणी लावली. एकमेकांचे लेख वाचायचे, आणि ज्या वाक्याला पुस्तकाचा, पेपरचा, कसलाच आधार नाही, त्याच्या शेपटीला चौकटी कंसात दोन शब्द लावायचे — ‘संदर्भ हवा’. मतलब, कशावरून म्हणता? पुरावा दाखवा. मी हात वर केला, मॅडम, मोहितचा लेख मी तपासते. आणि मग लावले एकेक! थोर दानशूर — संदर्भ हवा. विहीर खुली केली — संदर्भ हवा. सत्याग्रही लपवले — संदर्भ हवा. कुठे आधार नाही ते मला शोधावं लागलंच नाही, लेख माझाच. मॅडम म्हणाल्या, पूर्णिमा, फार बारकाईने केलंस. मोहितचे फोनवर फोन. त्याचे वडील म्हणे घाबरले, त्यांना वाटलं सरकारी नोटीस आली! आणि मोहितला ते काढताही येईना, कारण त्याचं खातं मी उघडलेलं, पासवर्ड माझ्याकडे. फोन उचललाच नाही मी. खूप गार वाटलं, खरं सांगते. बाबांनी घड उतरवला तेव्हापासून जे पेटलेलं होतं ना इथे, ते गार झालं. करावं तसं भरावं.

काय दाखवतेस मोबाईलमध्ये? पाणपोई? राजपुऱ्यातली, हां, गजाननशेठांच्या नावाने बांधतायत ते ऐकलंय, रविवारी उद्घाटन ना? आणि ही त्यावरची शिळा. मोठं कर जरा... ‘राजपुऱ्यातील थोर दानशूर गजाननशेठ, संदर्भ हवा’ — अगं थांब! हे — हे दगडावर? ‘दुष्काळात आपली विहीर सर्वांस खुली केली, संदर्भ हवा’ — अगं आई गं! कोरलंय! कंसासकट कोरलंय! सासऱ्यांनी घाईत, पुन्हा न वाचता, लेख मोबाईलवरून जसाच्या तसा पाथरवटाला पाठवला? आणि तो काय म्हणाला? ‘जो भेजा वही खोदा’? बरोबरच आहे त्याचं! अगं मला पोटात दुखायला लागलं. मी एवढं मागितलंच नव्हतं देवाकडे! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही पॉलिश केलेला! आता येणारा जाणारा पाणी पिणार आणि विचारणार, कशावरून? बघ, घराण्याला इतिहास आहे! हा फोटो मला पाठव, पाठव म्हणते ना, बाबांना दाखवते, हसतील तरी एकदा. तू पण हस की. हसत का नाहीस?

बोट कशावर ठेवलंयस? शेवटची ओळ. ‘त्यांच्या पत्नी सोजरबाई यांनी घरातील सुनांना लग्नानंतरही शिकवण्याची रीत घातली व ती या घरात आजही पाळली जाते.’ हो, मग? याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ नाही, दिसतंय मला. राहिलं असेल. सुटतं एखादं. — काय म्हणालीस? परत बोल. याच ओळीवर तू होकार दिलास? बी.एड.चं एक वर्ष राहिलंय म्हणून? त्यांनी सांगितलं, आमच्याबद्दल इंटरनेटवर वाचा, आणि तू हे वाचलंस, आणि पूर्णिमाताईने सगळ्यावर शंका घेतली पण यावर नाही घेतली, म्हणजे एवढं तरी खरं असणार — हे विचारायला आलीस तू? नेपानगरहून? पेढे घेऊन?

सुटलं नव्हतं ते. प्रत्येक वेळी कर्सर तिथे नेला आणि परत आणला. आजीने ते सांगितलेलं नाही. आजी म्हणाली होती, तिच्या सासूबाई, म्हणजे याच सोजरबाई, उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत आणि अंगठ्यापलीकडे काही शिकल्या नाहीत. ते वाक्य मी घातलं. मोहित ज्या दिवशी म्हणाला, घरी तुझं सांगितलंय, त्या दिवशी. मला पीएच.डी. करायची होती. वाटलं, लिहून ठेवावं, घरातले वाचतील, त्यांनाही खरं वाटायला लागेल. आमच्या अंगणात विमलकाकूंनी बाबांना काय सांगितलं माहीत आहे? ‘लग्नानंतर कॉलेज-बिलेज चालत नाही आमच्यात.’ शेवभाजी खाता खाता. तरीसुद्धा ते वाक्य माझं मला पुसवेना.

आणि खोटं कशाला बोलू, आत्ता तू दारातून आलीस तेव्हा मनात आलं, हिला काही सांगायचं नाही. पडू दे त्या घरात. माझ्या जागेवर बसतेय ना, मग बसू दे. चार महिन्यांनी हीच विमलकाकूंशी भांडेल, तोही माझाच सूड होईल, आयता.

सरक. माउस दे इकडे. हे बघ — ओळीच्या शेवटी गेले. चौकटी कंस. सं-द-र्भ ह-वा. जतन करा. झालं. आता वाच पानावर. मोठ्याने वाच, लॅबमध्ये कोणी नाही.

वाचलंस? रडू नकोस, इथे नको. आणि हे तुझ्यासाठी केलं असं अजिबात समजू नकोस, त्यांच्या दारातला मांडवही उतरला पाहिजे, एवढंच मला हवंय. पेढे उचल. नेपानगरची गाडी निघायची वेळ झाली, जा.