गाडीवरची जाळी

आमचं मूळ गाव घनसावंगीकडचं, गोदावरीच्या अंगाला, आन आम्ही धनगर, मेंढरावाले. बाप माझा, आबा म्हणायचो आम्ही त्याला, जन्मभर मेंढरामागं चालला, आन चालायचा बी असा हळू की काय सांगू तुम्हाला, लहानपणी मला वाटायचं आबा चालतच न्हाई, जमीनच त्याच्या पायाखालून मागं सरकून राह्यली. मी घाई केली की म्हणायचा, मेंढरू पळवू नको रे, पळवलं की खाल्लेलं सगळं वाटंतच जिरतं.

मला काय पायी फिरायचं न्हवतं. मंग मी जालन्याला एमआयडीसीत आलो, हमाली केली, पोती उचलता उचलता गाडी शिकलो, आन एक जुना टेम्पो घेतला. बियाण्याच्या थैल्या भरायच्या आन मंठ्याच्या, घनसावंगीच्या दुकानांवर टाकायच्या, हेच काम. उन्हाळ्यात चारा सपला की आबाची मेंढरं त्याच गाडीत भरून नदीकाठाला न्यायचो, त्यासाठी मागं लोखंडाची उंच जाळी बसवली व्हती, दोन मजली, खाली मोठी मेंढरं आन वर पिल्लं. आबा केबिनमधी बसायचाच न्हाई. किती बी म्हणा, मागंच उभा, जाळीला धरून, पिल्लाच्या तोंडाला तोंड लावून काय काय बोलत राह्यचा.

मंग आबा गेला, मेंढरं इकली, जाळी तेवढी राह्यली. आता बियाण्याच्या थैल्यांना दोन मजली जाळी कशाला लागती, सांगा. पर काढायचं मनातच आलं न्हाई. सकाळी रिकामी गाडी घेऊन माघारी निघालो की जाळी खडखड वाजायची, आन मला वाटायचं पिल्लं पाय आपटून राह्यली, आता आबा मागून काच वाजवील, हळू म्हणील. दोन्हीकडं कापसाची वावरं, कोवळं ऊन, डोळे माझे रस्त्यावर आन मन कुठल्या कुठं जायचं. घर कव्हा आलं कळायचं न्हाई.

यंदा ती गाडी लई डिझेल प्यायला लागली. आमची घरची, सुमन, ती म्हणली, आवं, ही गाडी आपल्याला पोसती का आपण हिला, हिचं एव्हरेज सुधरत नसंल तर दिवाळीच्या आत भंगारात घाला.  गाडी गेली तर ह्या वयात पुन्हा पाठीवर पोतं, दुसरं काय.

डिझेल वाचवायची माझी आपली जुनी अक्कल, उतार आला की न्यूट्रल करून गाडी सोडून द्यायची. एकदा तशीच सोडली आन वळणावर आवरंना, एक म्हैस थोडक्यात वाचली. मंग गाडी रहीम मिस्त्रीच्या गॅरेजला नेली, त्यानं ते ऐकून हातच जोडले, म्हणला, चाचा, डिझेल वाचवायला निघाले आन जान देऊन बसले असते. त्यानं गाडी जॅकवर उचलली, चाकं हातानं फिरवून बघितली, तर मागचं एक फिरंना, ब्रेक घासत व्हता. ते मोकळं केलं, धुळीनं गच्च झालेला एअर फिल्टर बदलला, चाकात बराबर हवा भरली, आन शेवटी जाळीवर हात ठेवला. हे वारा धरतं चाचा, वजन तर हायेच, कुणासाठी वाहून राह्यले?

 मी म्हणलं, बाकीचं झालं ना, बघू. फरक पडला, न्हाई असं न्हाई, पर गाडी ठिवावी एवढा न्हाई. मंग एक दिवस सुमन दारात उभ्या गाडीपाशी आली, जाळीला धरून उभी राह्यली, आन म्हणली, मला बी दिसतात आबा हितं. पर ते असते तर तुम्हाला पोत्याखाली बघवलं असतं का त्यांना?

बस, दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडून कापून घेतली. जाळी भंगारात गेली, गाडी राह्यली.

पहिल्या खेपेला मंठ्याहून रिकामा आलो, तर गाडी कशी, वाऱ्यावर आल्यावाणी आली. कसला आवाज न्हाई. काटा बघितला तर बिलकुल थोडं डिझेल उतरलेलं. खुशी व्हायला पायजे व्हती, आन मी गाडी कडंला लावून रडलो, खरं सांगतो तुम्हाला. एव्हरेज वाढलं म्हंजे काय झालं, तर आबा गाडीतून उतरला.

आता चालू हाय बराबर. सुमन खुश हाय, मी बी हाय म्हणा. आमच्याकडं जालन्यात भंगार लोखंडाच्या मिलमधी वितळतं आन त्याच्या सळया होतात, तव्हा ती जाळी एव्हाना कुण्या घराच्या स्लॅबमधी गेली आसल. ज्याचं आसल त्याचं घर, आपल्याला काय ठावं. पर त्याच्याखाली लेकरं सुखानं झोपावीत बाबा, माझ्या बापाचा हात हाय त्या लोखंडाला.