भरिताचा धूर

मोतीराम : पण पानी कुठून भराचं, ते सांग.

ललित : बाबा, पाणी नाही भरायचं यात. हा बंब नाही.

मोतीराम : तोंड हाये, पोट हाये, खालतं कोळशाची जागा हाये, वरतं धुराडं हाये. बंबाले आनखी काय लागते? शेपूट?

ललित : स्मोकर म्हणतात याला. कोळसा हळूहळू धुमसतो, धूर आतल्या आत फिरतो आणि जिन्नस त्या धुरावर शिजतो.

मोतीराम : धुरावर. जाळावर नाही.

ललित : जाळ होऊच द्यायचा नाही.

मोतीराम : तुह्या मायनं अर्धी जिंदगी चुलीच्या धुरात डोळे चोळले. गॅस आला त्या दिवशी चुलीले हात जोडले तिनं. आन् पोरानं पैसे मोजून धूर आनला. तोबी घरपोच.

ललित : हा वेगळा धूर आहे. संत्र्याच्या लाकडाचा. अनुपनं शेंदूरजनाघाटच्या त्याच्या बागेतून पोतंभर ढलप्या पाठवल्या, वाळलेल्या झाडाच्या.

मोतीराम : संत्रं गेलं दिल्लीले, लाकूड आलं आपल्याकडं. बरं हाये. आन् हे घड्याळ काहून लावलं झाकनावर?

ललित : घड्याळ नाही, आतला ताप कळतो त्यानं.

मोतीराम : म्हंजे याले तापबी येते. मंग दवाखान्यात कोनं न्याचं?

ललित : सध्या तरी अंग गारच आहे त्याचं. कोळसा पेटवायला माचीस नाही घरात. गॅसला लायटर लागतो, तेव्हापासून कोणी आणलीच नाही. रश्मी गेलीये दुकानात.

मोतीराम : वांगे भाजाचे तं कपाशीच्या पऱ्हाट्या टाक ना आंगनात. माचीस आली का घडीभरात भरीत व्हते.

ललित : पऱ्हाट्यांवरचं भरीत बघायला कोणी येईल का?

मोतीराम : भरीत खाले येते लोकं. पाहाले कोन येते?

ललित : इथले येतील. बाबा, माणसाला बघायला कोणी येत नाही, यंत्राला बघायला येतात. मागच्या गल्लीत जेसीबी आला होता खड्डा खोदायला, आठवतं? अख्खी कॉलनी उभी होती. खुशालराव तर खुर्ची घेऊन आले होते.

मोतीराम : हो. खड्डा बुजवला तं नाराज झाले.

ललित : म्हणून घेतला हा. आपण या घरात आलो त्या दिवशी बुद्धवंदना ठेवली, सगळ्यांना बोलावलं, एकही जण आला नाही. मी म्हटलं, ठीक आहे, विहारातली मंडळी होती, अनोळखी वाटलं असेल. आज फक्त कॉलनीवाले. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. कोणाला माळ असेल, कोणाला व्रत असेल, म्हणून कांदा-लसणाचं वेगळं पातेलं केलं. अंडंसुद्धा नाही आज घरात. काल रश्मीनं फ्रिजमधली काढून विहारामागच्या आत्याकडे नेऊन ठेवली.

मोतीराम : सूनबाईनं अंडे गावाले धाडले म्हना.

ललित : तीच खुर्ची आणा म्हणावं खुशालरावांनी. बसा, बघा, विचारा काय विचारायचं ते. एकदा आपल्या अंगणात बसले की झालं.

मोतीराम : तुह्या मायनं परात भरून पीठ मळलं. सकाळपासून गुनगुनून राहिली. लय दिवसांनी.

ललित : थांबा, ग्रुपवर काहीतरी आलंय. ‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, कॉलनीतील काही घरांतून सकाळपासून मांसाहाराचा उग्र वास येत आहे. ज्येष्ठ नागरिकांना त्रास होत आहे. कृपया सहकार्य करावे.’ खाली सगळ्यांनी अंगठे दिलेत.

मोतीराम : पेटला वाटते कोळसा.

ललित : कुठून पेटतो? माचीस यायचीये अजून.

मोतीराम : तेच म्हनतो. भारी यंत्र हाये लेका. पेटवाच्या आंधीच वास देते.

ललित : आपल्याबद्दल नाही हो ते. ‘काही घरांतून’ असं लिहिलंय. आपलं एकच घर आहे. हे अनेकवचन आहे.

मोतीराम : आदरार्थी असन.

(तासाभरानंतर. स्मोकरच्या धुराड्यातून धुराची बारीक रेघ. भाड्याच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, रिकाम्या. गेटची कडी वाजते.)

ललित : या या, वामनकाका! पहिला मान तुमचा. बाबा, हे वामनराव. समोरचंच घर, आणि आपल्या कॉलनीचे अध्यक्ष.

वामनराव : नमस्कार, नमस्कार. नाही, बसत नाही मी. उभ्याउभ्याच आलो. प्रकृती बरी ना मोतीरामजी?

मोतीराम : आतापरेंत तं बरी व्हती.

वामनराव : ललितसाहेब, आधीच सांगतो, गैरसमज करून घेऊ नका. मला व्यक्तिशः काहीच नाही. मी फार मोकळ्या विचारांचा माणूस आहे. सर्व्हिसमध्ये माझे दोन साहेब तुमच्यातलेच होते. त्यांच्या डब्यातली चटणीसुद्धा मी एकदा...

ललित : खाल्ली?

वामनराव : वाखाणली.

मोतीराम : मोठं मन लागते त्याले.

वामनराव : तर विषय असा की, वासाबद्दल लोकांचं म्हणणं आलंय. आता तुमच्यात चालतं, त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. पण घराच्या आत. खिडक्या लावून. हे एवढं मोठं अंगणात मांडून...

ललित : काका, आत वांगी आहेत.

वामनराव : असं कसं? खोक्यावर तर तंगडी होती. तुम्ही ते खोकं गेटबाहेर ठेवलं ना परवा, शेषरावांच्या सूनबाईंनी पाहिलं. एवढी मोठी तंगडी, वरून वाफ निघतेय. मुलं शाळेत जातात त्या रस्त्यानं.

ललित : तुमच्या टीव्हीच्या खोक्यावर वाघ होता, काका. मी कॉलनीला अर्ज दिला का, वामनकाकांनी घरात वाघ पाळलाय म्हणून?

वामनराव : वाघाचा वास येत नाही टीव्हीतून.

ललित : आणि हा तुमचा मेसेज आला तेव्हा कोळसा पेटलासुद्धा नव्हता. माचीस नव्हती घरात. रश्मी दुकानात होती. तुमच्याच रागिणीवहिनी भेटल्या तिला तिथं, विचारा त्यांना.

वामनराव : ते असेल. मी कुठं नाही म्हणतो? पण लोकांना वास आला, हेही खरं आहे ना? आता लोकांच्या नाकाला मी काय सांगू?

ललित : या इकडे. हे बघा, झाकण काढतो. काय आहे?

वामनराव : वांगी दिसतायत.

ललित : दिसतायत?

वामनराव : म्हणजे, वांगीच आहेत. वरची तरी.

ललित : घ्या, ही वरची काढली. ही खालची. आता जाळीखाली काय आहे?

वामनराव : कोळसा.

मोतीराम : कोळसा उलटून पाहा. त्याच्या खालतं बकरं लपलं असन.

वामनराव : तुम्ही थट्टा करता, मोतीरामजी. पण अवघड माझं होतं. मला मध्ये उभं राहावं लागतं.

ललित : मध्ये म्हणजे कुठं? तुम्ही काय सांगणार आता लोकांना?

वामनराव : मी सांगेन ना. सांगेन की वांगी होती. पण एखादा वास असतोच हो घराघराचा. कोणाच्या हातात नसतं ते.

ललित : वांगी कोणाची आहेत, माहितीये?

वामनराव : कोणाची?

ललित : तुमच्या वावरातली. काल तुमच्या किशोरनं पिशवी भरून आणून दिली. म्हणाला, भरिताची आहेत, सकाळीच तोडली.

वामनराव : किशोरनं देल्ली? काहून देल्ली?

ललित : मैत्रीत दिली.

वामनराव : अन् मले नाही बोलला! म्हणजे... मला कल्पना नव्हती.

ललित : तुमच्या वावरातलं वांगं, काका. तुमच्या विहिरीचं पाणी प्यायलेलं. ते रस्ता ओलांडून इकडं आलं आणि त्याचं मटण झालं.

वामनराव : शब्द पकडू नका. किशोरचं वेगळं आहे. तो बाहेर जातो, बाहेर खातो, मला ठाऊक आहे. सावजी मटणपण खातो. बाहेरचं बाहेर राहतं. येताना बडीशेप खाऊन येतो.

मोतीराम : बडीशेपीचा धूर करता येते काय रे ह्याच्यात?

ललित : बाबा, थांबा जरा. काका, ते राहू द्या. जेवायला येताय ना? एक वाजता म्हटलं होतं सगळ्यांना. चाळीस भाकरी होतील आईच्या. तुम्ही बसलात की बाकीचे येतील, हे तुम्हालाही माहीत आहे. बोला ना. नुसतं बसा. खाऊ नका.

वामनराव : तेही सांगायचंच होतं. आज माझा उपास आहे.

ललित : रविवारी?

वामनराव : सूर्याचा.

ललित : बाकीच्यांचं?

वामनराव : निरोप आहेत माझ्याकडे सगळ्यांचे. खुशालरावांकडे चांदूर बाजारचे पाहुणे अचानक आलेत. शेषरावांच्या सासूबाईंना अतिसार... नाही, थांबा, अतिसार खुशालरावांच्या. पाहुणे शेषरावांकडे. आणि प्राजक्ताताईंचं डोकं दुखणार आहे.

ललित : दुखणार आहे?

वामनराव : दुपारी. दुखतंच त्यांचं दुपारी.

ललित : कळलं.

वामनराव : मनाला लावून घेऊ नका. बाकी भरीत मात्र उत्तम होणार. रंगावरून कळतं. आणि हो, एक राहिलंच. ती पिशवी.

ललित : कोणती?

वामनराव : ज्यातून किशोरनं वांगी दिली ती. नक्षीची असेल, तर रागिणीच्या माहेरची आहे. ती शोधेल.

ललित : तिथं तारेवर आहे बघा. रश्मीनं धुऊन वाळत घातलीये.

वामनराव : धुतली? अरे, कशाला त्रास घेतला. आम्ही परत धुणारच होतो. म्हणजे तशी सवयच आहे आमच्याकडे, आल्या वस्तू धुवायची. येतो मोतीरामजी.

मोतीराम : दोन बोटांनं पकडू नका, वामनराव. पडन खालतं. मंग मातीबी धुवा लागन.

वामनराव : काही म्हणालात?

मोतीराम : सांभाळून जा म्हटलं. समोरच राह्यता तुमी, लय दूर हाये.

ललित : गेला.

मोतीराम : गेला. झाकन लाव. कच्चे राह्यतीन.

ललित : फेकून देतो हे डबडं. आत्ताच्या आत्ता.

मोतीराम : काहून? त्यानं काय केलं? सगळ्या गल्लीत त्यानंच काही नाही केलं.

ललित : जुन्या शहरात बरं होतं, बाबा. भिंतीला भिंत होती. आशाबाईकडची फोडणी आपल्या घरात खोकला काढायची.

मोतीराम : आन् आपला बोंबील तिच्या देव्हाऱ्यापर्यंत जाये. एकदा तं तिनंच भिंतीवरून वाटी देल्ली, म्हने, वास घेऊनच जेवू काय, रस्सा तं द्या.

ललित : मग काहून आलो आपण इथं?

मोतीराम : तुले अंगन पाह्यजे व्हतं.

ललित : तुम्हाला माहीत होतं ना? सकाळपासून माहीत होतं.

मोतीराम : मले काय माहीत? मले तं तो बंब वाटला.

ललित : बाबा.

मोतीराम : तू कांदा-लसन येगळा ठेवून राह्यला व्हता. अंडे गावाले धाडले. इतक्या हौसेनं कोनी खुर्च्या पुसून राहिला, तं त्याले काय सांगाचं? आन् वास काय आजचा हाये? तू गेटवर आडनावाची पाटी लावली ना, पितळेची, तवाच सुटला असन. आपल्या नाकाले येत नाही, एवढंच.

ललित : आईला काय सांगू? आतून विचारतेय ती, किती जण आले म्हणून.

मोतीराम : दोघं आले म्हन.

ललित : कोण दोघं?

मोतीराम : तू आन् मी. आपून काय इथलेच हाओत?

ललित : चाळीस भाकरी थापतेय ती.

मोतीराम : थापू दे. आता मधातच हात थांबवला तं ती बाहीर येईन, आन् बाहीर आली तं खुर्च्या दिसतीन. आंधी खुर्च्या उचल.

ललित : उचलतो. बाबा, तुमची आंघोळ राहिलीये ना अजून?

मोतीराम : पाहुने येनार म्हनून न्हानीत गेलोच नाही. बाया भांडे घासून राहिल्या व्हत्या.

ललित : कोळसा चांगला फुललाय. वांगी काढून घेतो, आणि तुमच्या पाण्याची बादली ठेवतो यावर. होईल तो बंब.

मोतीराम : नको. त्याले आता वास लागला.

ललित : कशाचा?

मोतीराम : माह्या नाकाले तं वांग्याचाच येते.