बैलाला दिलेले आवतण

जबाब देणार अंबाबाई, नवऱ्याचे नाव कै. दादाराव, वय अंदाजे बावन्न, धंदा खानावळ, राहणार पांढुर्णा (मध्य प्रदेश), स्टेशनजवळ. सन १९८६, पोळ्याचा दुसरा दिवस.

समक्ष हजर राहून सांगते की, ठाण्यात लिखापढी हिंदीत चालते, पण माझी हिंदी ऐकून मुन्शी हिरामण यांनीच हात जोडले आणि मराठीत लिहायला घेतले. आज गोटमार, म्हणजे नदीवर दोन गावांची दरसालची दगडफेक, असल्याने बाकीचे शिपाई तिकडे गेले आहेत.

केशवराव, राहणार नदीकडची वस्ती, यांनी अर्ज दिला आहे की त्यांच्या मुलाने, म्हणजे गुणवंताने, त्यांचा बैल चोरून माझ्या दारी बांधला. हे खोटे आहे. बैल बांधलेला नाही, तो आपल्या मर्जीने बसला आहे. चोरीचा आळ लागला तर पोराला कोठडी होईल आणि त्याच्या डोक्यावर माझे एक छप्पर आहे तेही जाईल, म्हणून सगळे सांगते.

गुणवंताचे वय एकोणीस. आखाडीच्या सुमारास घरी लग्नाचे बोलणे निघाले, तेव्हा त्याने बापाला तोंडावर सांगितले की माझा जीव बाईत लागत नाही, पुरुषात लागतो. बापाने त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढले. तो स्टेशनावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसला होता, तिथून मी त्याला जेवायला आणले. कारण ऐकून मी वरणाला फोडणी दिली.

मुन्शींनी विचारले की असे अजून किती पाहिले. पुष्कळ पाहिले. सगळे मिसरूड फुटण्याच्या वयाचे, बहुतेक मजुराच्या नाहीतर लहान शेतकऱ्याच्या घरचे. दोनदा मुलीही होत्या, पण मुलींना भाऊ येऊन घेऊन जातात आणि महिन्यात लग्नाची पत्रिका येते. मोठ्या घरची पोरे स्टेशनावर दिसत नाहीत. त्यांना मामाकडे शिकायला पाठवतात, शिकून झाले की घोड्यावर बसवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्याकडे झाकायला फडके नाही त्याचे पोर रस्त्यावर येते. मला याचा राग येतो, तसे लिहावे.

आता बैलाचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून त्याला आवतण देतात, हे सर्वांस माहीत आहे. केशवरावांच्या बैलाला दरसाल गुणवंताच आवतण देत असे. या साली त्याला चैन पडेना. तो गोठ्याच्या मागे गेला आणि भिंतीवरून बोलला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मग त्याच्या ध्यानात आले की आपल्याला घरच नाही, बैल जेवायला येणार कुठे? म्हणून पुढे म्हणाला, "अंबामावशीच्या खानावळीत ये." हे त्याने मला परत येऊन सांगितले. मी पुरण जरा जास्त घातले.

पोळा फुटल्यावर केशवराव बैल दारोदार फिरवत स्टेशनकडे आले. माझ्या दारासमोर बैलाने कासरा हिसकला, आत आला, गुणवंताच्या हातची पुरणपोळी खाल्ली आणि अंगणात बसला. केशवरावांनी शेपूट पिळले, शिव्या दिल्या, शेजारच्या हमालांना बोलावले. बैल रवंथ करत राहिला. तो गुणवंताच्या हाकेशिवाय उठत नाही, आणि हाक मार म्हणून पोराला सांगायला बापाला त्याचे नाव तोंडात आणायचे नव्हते. म्हणून ते तसेच घरी गेले आणि उजाडताच ठाण्यात आले.

अर्जात बैलाचा रंग, शिंगे, खांद्यावरचा वण, सगळे लिहिले आहे. मुलाचे नाव फक्त चोर म्हणून आहे. बैल एक रात्र बाहेर राहिला तर अर्ज आला. पोरगा दीड महिना बाहेर आहे, त्याचा अर्ज मुन्शींना शोधूनही सापडला नाही.

बैल खुशाल न्यावा, माझी हरकत नाही. हाक मात्र मारावी लागेल.

हे सांगत असताना केशवराव समोरच्या बाकावर बसले होते. ते खाली पाहून म्हणाले, "सकाळी जेवला का तो?"

मी म्हटले, "कोन, बैल?"

ते म्हणाले, "बैल त जेवलाच असन."

जबाब मुन्शींनी वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. शेवटचे बोलणे जबाबात बसत नाही, ते काढतो, असे ते म्हणाले. ते राहिले तरच अंगठा देईन असे मी सांगितले. त्यांनी ते राहू दिले, म्हणून अंगठा दिला आहे.